२३ ते २६ नोव्हेंबर : एका तयार मृत्युलेखाचं प्रकरण

विक्रम गोखले गेले हे मला पहिल्यांदा कळलं, तेव्हा मी पणजीत आयनॉक्सच्या बाहेर रांगेत उभा होतो. ते गेले नव्हते. अजून तीन दिवस होते. त्या तीन दिवसांत मी त्यांच्यावरचा एक मृत्युलेख मोडला आणि दुसरा लिहिला. ही हकिगत त्या दोन लेखांची.

तारीख २३ नोव्हेंबर २०२२, वार बुधवार. इफ्फीचा, म्हणजे गोव्यातल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाचा, चौथा दिवस. कांपालला जुन्या जीएमसीच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) आवारात रोषणाई, गळ्यात ओळखपत्रं अडकवून फिरणारी मंडळी, आणि रात्रीच्या शेवटच्या खेळाची रांग. फोन आमच्या वृत्तसंपादकांचा. आम्ही सगळे त्यांना भाई म्हणतो.

"गोखले गेले रे. तुझं तयार आहे मू? पान एकवर चार कॉलम ठेवतो."

"कोणी सांगितलं, भाई?"

"कोणी सांगितलं म्हणजे? सगळीकडे आहे. हिंदीतले मोठमोठे नट श्रद्धांजली वाहतात आणि तू विचारतोस कोणी सांगितलं!"

मी रांग सोडली, स्कूटर काढली आणि सांतिनेजच्या रस्त्याने ऑफिसला निघालो. चित्रपट कोणता होता ते आज आठवतसुद्धा नाही.

खुर्ची एक, कामं दोन

मी पणजीतल्या एका मराठी दैनिकात आहे. रविवारच्या पुरवणीत टीव्हीवरच्या मालिकांविषयी सदर लिहितो, आणि कलावंत गेला की त्याच्यावरचा लेखही माझ्याच टेबलावर येतो. ही दोन कामं एका माणसाकडे आली, कारण दोन्ही कोणाला नको होती. मालिका बघणं याला आमच्याकडे काम म्हणत नाहीत, आणि रात्री अकराला मेलेल्या माणसावर सातशे शब्द लिहायला कोणी हौसेने पुढे येत नाही. वीसेक वर्षं दोन्ही केल्यावर वाटतं, बरं झालं एकत्र आली ती. नटाकडे वर्षानुवर्षं आठवड्याला पाच दिवस बघितलेलं असतं तेव्हाच तो गेल्यावर त्याच्याविषयी सांगण्यासारखं काही हाताशी असतं. नाहीतर पुरस्कारांची यादी द्यावी लागते, आणि ती कोणीही देऊ शकतो.

निधनाच्या बातमीचं पहिलं शिक्षण मात्र मला नटांवर मिळालं नाही. ते मिळालं गावोगावच्या निधनवार्तांवर. गोव्यात मराठी पेपर पहाटे दारात पडला की कितीतरी घरांत आधी तेच पान उघडतात. कोण गेलं, कुठल्या वाड्यावरचं, अंत्यसंस्कार किती वाजता, बारावं कधी. जायला हवं की नको हे त्यावर ठरतं. त्या इवल्याशा चौकोनात "पश्चात पत्नी, दोन मुलगे, सुना, नातवंडे असा परिवार" या वाक्यात एक जावई सुटला तर सकाळी सातला फोन येतो, आणि तो जावई स्वतः करत नाही, त्याची बायको करते. गेलेल्याचं नाव, वय, गाव, मागे राहिलेले, आणि ही माहिती देणाऱ्याचं त्याच्याशी नातं. यातली शेवटची गोष्ट छापत नाहीत, पण पहिल्यांदा विचारायची असते ती तीच. डेस्कवर पहिल्याच महिन्यात मला सांगितलं होतं: शेजाऱ्याने आणलेली निधनवार्ता घ्यायची नाही, घरातला माणूस हवा. नंतर कळलं की शेजारी खोटं बोलतो म्हणून नव्हे, तर तो ऐकीव सांगतो म्हणून.

त्या बुधवारच्या रात्री मोठमोठे नट म्हणजे शेजारीच होते.

दीर्घायुष्य

प्रत्येक वर्तमानपत्राकडे न मेलेल्यांचे मृत्युलेख असतात. नव्याने कामाला आलेल्या मुलांना याचा पहिल्यांदा धक्का बसतो, मग सवय होते. ही प्रथा आमची नव्हे, जगभराची आहे. न्यूयॉर्क टाइम्सने २३ मार्च २०११ रोजी एलिझाबेथ टेलर गेल्यावर जो मोठा लेख छापला त्याचा लेखक मेल गसो २००५ मध्येच वारला होता. नटीने आपल्या मृत्युलेखकाला सहा वर्षं मागे टाकलं.

आमच्या संगणकावर या लेखांच्या फोल्डरचं नाव 'दीर्घायुष्य' आहे. एका जुन्या उपसंपादकाने ते ठेवलं. त्याचं म्हणणं, माणूस मेल्याची आवई उठली की त्याचं आयुष्य वाढतं असं आपल्याकडे म्हणतात, मग आपण लिहून ठेवलं तर किती वाढेल! निवृत्त होताना त्याने आपल्या स्वतःवरचा लेखही त्यात टाकला, शंभर शब्दांचा. तो अजून वापरावा लागलेला नाही.

गोखल्यांवरचा लेख त्या फोल्डरमध्ये २०१६ पासून होता. त्या वर्षी घशाच्या त्रासामुळे त्यांनी रंगभूमीवर काम करणं थांबवलं, तेव्हा मी तो एका बसणीत लिहिला. २०२२ मध्ये ५ नोव्हेंबरला त्यांना पुण्याच्या दीनानाथ मंगेशकर रुग्णालयात दाखल केल्याचं कळलं, तेव्हा उघडून शेवटी दोन ओळी जोडल्या आणि बंद केला. (मंगेशीचे दीनानाथ. गोव्याचा माणूस ते नाव नुसतं वाचून पुढे जात नाही.) वाचून मात्र बघितला नाही. हे लक्षात ठेवायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरून झालं.

साडेअकरा

ऑफिसला पोचलो तेव्हा पान एक जवळजवळ लागलेलं होतं. वरच्या अर्ध्या भागात गोखल्यांचा फोटो, मथळा "विक्रम गोखले कालवश". पान सोडायला पाऊण तास होता. मी खुर्चीत बसून आलेल्या सगळ्या श्रद्धांजल्या एकाखाली एक लावल्या. सतरा निघाल्या. कोणी कोणाचं बघून लिहिलं ते वेळेवरून दिसत होतं. पहिली कुठल्या आधारावर आली ते कुठेच नव्हतं. एकातही रुग्णालयाचं नाव नाही, वेळ नाही, अंत्यदर्शन कुठे ते नाही. निधनाच्या खऱ्या बातमीत अंत्यदर्शनाची जागा अर्ध्या तासात ठरते, कारण घरच्यांना कोणीतरी विचारतंच. ही ओळ नसणं मला सगळ्यात खटकलं.

पुण्यात माझा एक जुना मित्र नाटकाची पानं सांभाळतो. त्याला फोन लावला. तो रुग्णालयाच्या दारातच होता.

"डॉक्टर बाहेर आलेले नाहीत. घरचे आत आहेत. इथे आम्ही दहाबारा जण उभे आहोत आणि सगळ्यांचे फोन वाजतायत, गेले का म्हणून."

"मग?"

"मग काय, थांबलोय."

मी भाईंना सांगितलं. ते वैतागले, आणि त्यांचं वैतागणं चूक नव्हतं. उद्या सकाळी बाकीच्या पेपरांत बातमी असली आणि आपल्यात नसली, तर वाचक आपल्यालाच विचारणार, झोपला होतात काय. वृत्तसंपादकाच्या छातीवर हा दगड रोज असतो. मी म्हटलं, भाई, १९७९ आठवा. ते गप्प झाले. २२ मार्च १९७९ ला जयप्रकाश नारायण गेल्याचं खुद्द संसदेत जाहीर झालं, पंतप्रधान मोरारजी देसाईंनी श्रद्धांजली वाहिली, कामकाज तहकूब झालं, आकाशवाणीवर बातमी गेली. जेपी त्या वेळी मुंबईत जसलोक रुग्णालयात जिवंत होते. ते गेले ८ ऑक्टोबरला. देशाच्या पंतप्रधानाचा शब्दसुद्धा तिथे शेजाऱ्याचा शब्द ठरला.

"बरं," भाई म्हणाले. "चिंताजनक म्हण. दोन कॉलम. पण चुकलास तर सकाळचे फोन तू घ्यायचे."

पान सोडताना मथळा होता: "विक्रम गोखले यांची प्रकृती चिंताजनक". रात्री उशिरा घरच्यांकडूनच खुलासा आला, ते हयात आहेत, जीवरक्षक यंत्रणेवर आहेत.

इथवर वाचून कोणाला वाटेल की आमची लाज राहिली. राहिली नाही. मी स्कूटरवर असताना आमचं संकेतस्थळ बघणाऱ्या मुलाने बातमी चढवून टाकली होती. बावीसतेवीस वर्षांचा पोरगा, एकटाच शिफ्टवर, बाकी सगळ्यांनी दिली म्हणून त्याने दिली. पस्तीस मिनिटांनी काढली. पण ती आपोआप फेसबुकवरही गेली होती, आणि तिथून काढायचं कोणाच्या ध्यानात आलं नाही. गुरुवारी सकाळी साखळीहून एका गृहस्थांचा फोन: "तुमचा पेपर म्हणतो जिवंत, तुमचं फेसबुक म्हणतं गेले. आम्ही कोणाचं धरायचं?"

यावर ऑफिसात जी चर्चा झाली तीच या प्रकरणातली माझ्या मते सगळ्यात कामाची गोष्ट. एक मत असं की पोस्ट गुपचूप उडवावी, दोन दिवसांत लोक विसरतात. दुसरं मत, खुलासा द्यावा पण "काही माध्यमांतून प्रसिद्ध झालेल्या वृत्तानुसार" असा. हा वाक्प्रचार मराठी पत्रकारितेत फार सोयीचा आहे. चूक होते ती नेहमी "काही माध्यमांची". संपादक मॅडमनी दोन्ही बाजूला सारलं आणि स्वतः तीन छोटी वाक्यं लिहिली: "विक्रम गोखले यांच्या निधनाचे वृत्त आम्ही बुधवारी रात्री संकेतस्थळावर दिले होते. ते चुकीचे होते. त्यांच्यावर उपचार सुरू आहेत." दिलगिरीचा शब्दही त्यांनी घातला नाही. म्हणाल्या, चूक कबूल केली की दिलगिरी त्यात आली, वेगळी लिहिली की ती आपल्याविषयी होते. मला हे पटायला थोडा वेळ लागला.

त्या मुलाला कोणी रागावलं नाही. त्याला एक कागद दिला. त्यावर फक्त एवढंच होतं: घरचे, रुग्णालय, किंवा जिथे पार्थिव ठेवणार ती संस्था. या तिघांपैकी एकाचं नाव बातमीत घालता आलं तर चढवायची.

तयार लेख वाचून बघितला तेव्हा

गुरुवारी दुपारी, फोन घेऊन झाल्यावर, मी माझा २०१६ चा लेख काढला. छापून जाणार होता तो नीट वाचून बघितला. आदल्या रात्री तो पानावर गेला असता तर मला आयुष्यभर खंत राहिली असती, आणि त्याचं कारण गोखले जिवंत असणं हे नव्हे. लेखच वाईट होता.

पहिलं वाक्य: "मराठी रंगभूमीचा आधारवड आज उन्मळून पडला." तिसऱ्या परिच्छेदात "कधीही भरून न येणारी पोकळी". शेवटी "काळाच्या पडद्याआड". मराठीत मृत्यूसाठी शब्दांची चंगळ आहे: निधन, देहावसान, देवाज्ञा, कालवश, पंचत्वात विलीन. प्रत्येकाचं आपलं स्थान आहे, पण घाईत हात जातो तो वडाकडे आणि पोकळीकडे. आमच्या पेपरच्या जुन्या अंकांत बघितलं तर दर पंधरा दिवसांनी एक वड पडलेला दिसतो. एवढ्या वडांनी गोवा केव्हाच जंगल झाला असता.

हे झालं भाषेचं. खरी खोट मजकुरात होती. सातशे शब्दांपैकी निम्मे हिंदी चित्रपटांवर होते: 'हम दिल दे चुके सनम', 'भूलभुलैया', मोठ्या नटांबरोबरची दृश्यं. मग नाटकांची यादी. टीव्हीवर एक वाक्य: "छोट्या पडद्यावरही त्यांनी आपला ठसा उमटवला." हे लिहिणारा कोण, तर टीव्हीचा समीक्षक! मी स्वतःच माझ्या कामाला विरंगुळा समजत होतो, बाकीच्यांना बोल लावण्यात काय अर्थ.

गोव्यातल्या घरांनी गोखले बघितले ते कुठे? नाटकाचा दौरा आला तर मडगावला किंवा फोंड्याला एखाददोनदा. चित्रपटात तुकड्यातुकड्याने. रोज जेवणाच्या वेळी घरात आले ते टीव्हीवरून. १९८९ मध्ये दूरदर्शनवर 'उडान' लागायची. कविता चौधरीने लिहिलेली, दिग्दर्शित केलेली आणि स्वतः केलेली, पोलीस अधिकारी होणाऱ्या कल्याणीची गोष्ट. त्यात कल्याणीचा बाप गोखले. मग 'या सुखांनो या', आणि २००८ च्या अखेरीस स्टार प्रवाह सुरू झालं तेव्हाची 'अग्निहोत्र', वाड्याची आणि एका घराण्याच्या मोडतोडीची गोष्ट, त्यात मोरेश्वर अग्निहोत्री.

गुरुवार संध्याकाळी इफ्फी सोडून मी घरी बसलो आणि जुने भाग जेवढे मिळाले तेवढे बघितले. बायको म्हणाली, माणूस तिकडे अत्यवस्थ आहे आणि तुम्ही मालिका बघताय. खरं होतं. पण मला दुसरं काही करता येत नव्हतं.

बघताना दिसलं ते असं. मालिकेत दिग्दर्शक नटाला वेळ देत नाही. भाग बावीसतेवीस मिनिटांचा, दिवसाला ठरलेली पानं उडवायची, संवाद कधीकधी सेटवर त्याच सकाळी येतो. नट वाक्य संपवतो तोवर पार्श्वसंगीत धडधडतं आणि कॅमेरा तीनदा तोंडावर जातो. गोखले या सगळ्यात थांबतात. वाक्याच्या मध्येच, क्रियापदाच्या आधी. समोरचा नट त्यामुळे खरंच वाट बघायला लागतो, आणि ती वाट बघणं अभिनय नसतं. संगीताला शिरायला जागा मिळत नाही, कारण वाक्य अजून संपलेलं नाही. संकलकाच्या कात्रीलाही ते सहज कापता येत नाही. नाटकात शिकलेला विराम त्यांनी मालिकेच्या घाईविरुद्ध वापरला.

आणि याच विरामावर मी २००९ मध्ये टीका केली होती. माझ्या सदराचं कात्रण सापडलं. लिहिलं होतं की गोखल्यांचा विराम आता सवय झाला आहे, प्रसंग मागो न मागो तो येतोच, आणि कधीकधी त्यांच्यापुरती मालिका थांबून जाते. हेही खरं होतं. आता प्रश्न असा की हे मृत्युलेखात जावं का?

मराठीत मेलेल्याविषयी वाईट बोलू नये ही रीत आहे आणि मला ती मोडायची हौस नाही. पण श्रद्धांजली वेगळी आणि मृत्युलेख वेगळा. श्रद्धांजली सभेत वाहतात, समोर घरचे बसलेले असतात. मृत्युलेख वाचणारा दहा वर्षांनी, नटाला कधी न बघितलेला, कुठल्यातरी वाचनालयातही असू शकतो. त्याला नट दिसायला हवा. दोष गाळला तर गुणही धूसर होतो, कारण गोखल्यांच्या बाबतीत दोन्ही एकाच जागी होते. मी वाक्य ठेवलं, फक्त २००९ चा माज काढून: "हा विराम कधी त्यांची ताकद असे, कधी लकब, आणि कोणत्या क्षणी काय हे प्रेक्षकाला ठरवावं लागे."

वय, आडनाव आणि एक वादग्रस्त वाक्य

शुक्रवार तपासणीत गेला. वय पहिलं. बुधवारच्या खोट्या बातम्यांत कुठे ८२ होतं, कुठे ७७. पाच वर्षांचा फरक म्हणजे जन्मसाल १९४० की १९४५. वाढदिवस १४ नोव्हेंबर याविषयी वाद नव्हता. मी जन्मसाल १९४५ धरून ७७ घेतलं, आणि वय मथळ्यात घालायचं नाही असं भाईंकडून कबूल करून घेतलं. त्यांना मथळ्यात आकडा आवडतो.

दुसरं, गोव्याशी संबंध. भाईंचा प्रत्येक मृत्युलेखावर ठरलेला प्रश्न: "आपल्याकडचं काय?" त्यांनीच धागा काढला. गोखल्यांची पणजी दुर्गाबाई कामत, फाळक्यांच्या १९१३ च्या 'मोहिनी भस्मासूर'मध्ये काम केलेली, भारतीय चित्रपटातली पहिली स्त्री कलाकार. आजी कमलाबाई त्याच चित्रपटात मोहिनी. वडील चंद्रकांत गोखले. भाई म्हणाले, कामत म्हणजे आपलेच. आडनावावरून कूळ काढणं ही आमची जुनी खोड. त्यावर वाक्य उभं राहत नाही, म्हणून ते गेलं नाही. त्याऐवजी पक्कं मिळालं ते दळवींचं. ज्या 'बॅरिस्टर'ने गोखल्यांना रंगभूमीवर मोठं केलं, त्या नाटकाचे लेखक जयवंत दळवी जन्मले बार्देशातल्या हडफड्यात. आणि गोखल्यांचा 'गोदावरी' आदल्याच वर्षी इफ्फीत गाजला होता. जितेंद्र जोशीला त्यातल्या अभिनयासाठी रौप्य मयूर पुरस्कार मिळाला होता. चित्रपटगृहांत तो लागला ११ नोव्हेंबर २०२२ ला, गोखले रुग्णालयात असताना. भाईंचं समाधान झालं.

तिसरं अवघड. नोव्हेंबर २०२१ मध्ये देशाच्या स्वातंत्र्याविषयी कंगना राणावतने केलेल्या विधानाला गोखल्यांनी जाहीर पाठिंबा दिला होता आणि त्यावरून रान उठलं होतं. डेस्कवरच्या एका मुलीने विचारलं, "सर, हे घालणार?" दुसऱ्याने म्हटलं, हे नाही घातलं तर तुम्ही त्यांच्या बाजूचे. घातलं तर विरुद्ध बाजूचे, हे त्याने म्हटलं नाही पण कळलं. मी घातलं. एक वाक्य, मधल्या परिच्छेदात. त्याच्या शेजारी ज्येष्ठ कलावंतांसाठी त्यांनी जमीन दिली ते वाक्य. विधानाला विशेषण लावलं नाही, जमिनीलाही नाही. साठ वर्षं काम केलेल्या माणसाच्या लेखात एका वर्षाच्या वादाला किती जागा, याचं उत्तर मी शब्द मोजून दिलं: सातशेपैकी सव्वीस.

राहिला काळ. व्याकरणातला. २०१६ चा लेख सगळा भूतकाळात होता, "ते होते", "ते करत". माणूस जिवंत असताना हे वाचणं म्हणजे शाप उच्चारल्यासारखं. म्हणून नवा लेख वर्तमानकाळात लिहिला, निधनानंतर बदलायचा. शनिवारी बदलायला बसलो तेव्हा लक्षात आलं की सगळं बदलता येत नाही. "पुण्यात राहतात"चं "राहत" झालं. पण "कल्याणीचा बाप मुलीकडे बघतो आणि बोलायचं थांबतो" हे "बघे" आणि "थांबे" करायला हात धजेना. तो अजूनही बघतो. भाग लावला की बघतो. लेखात शेवटी दोन काळ राहिले. डेस्कवरच्या मुलीने विसंगती म्हणून खूण केली होती. मी खूण पुसली.

शनिवार

शुक्रवारी रुग्णालयाने सांगितलं होतं की हळूहळू सुधारणा आहे, डोळे उघडतात, हातपाय हलवतात, ४८ तासांत कृत्रिम श्वासोच्छ्वास काढता येईल असं वाटतं. 'दीर्घायुष्य' फोल्डर ठेवणारा म्हातारा उपसंपादक फोनवर म्हणाला, बघ, आवई उठली की आयुष्य वाढतं. मीही लेख बंद करून ठेवला. मनापासून वाटलं, हा पुन्हा सहा वर्षं पडून राहावा.

शनिवारी, २६ तारखेला, दुपारी बातमी आली. या वेळी रुग्णालयाकडून. पाठोपाठ बालगंधर्व रंगमंदिरात अंत्यदर्शन, संध्याकाळी वैकुंठ स्मशानभूमीत अंत्यसंस्कार. ती ओळ होती. पुण्याच्या मित्राने फोन केला नाही, मीही केला नाही. संकेतस्थळावरच्या मुलाने बातमी चढवण्याआधी माझ्यासमोर कागद धरला, रुग्णालयाच्या नावावर बोट ठेवून.

दोन वर्षांपूर्वी, सप्टेंबर २०२० मध्ये, आशालता वाबगावकर गेल्या तेव्हा यातलं काहीच झालं नव्हतं. मूळच्या गोव्याच्या, 'मत्स्यगंधा'मधल्या सत्यवती. साताऱ्यात मालिकेचं चित्रीकरण चालू असताना कोरोना झाला आणि २२ तारखेला गेल्या. आमच्याकडे तयार लेख नव्हता. चालत्या मालिकेतला माणूस जाईल असं कोण धरतं? तो लेख मी दीड तासात लिहिला आणि अजून मला तो गोखल्यांच्या पहिल्या लेखापेक्षा बरा वाटतो, कारण आठवड्यापूर्वीच मी त्यांना पडद्यावर बघितलं होतं.

रविवार, २७ नोव्हेंबर. लेख छापून आला. मथळ्यात आकडा नाही, वड नाही. फोन आले, मेसेज आले. काणकोणच्या एका निवृत्त शिक्षिकेने 'उडान' बघून मुलीला पोलिसात घालायचं ठरवलं होतं, मुलगी बँकेत लागली, असं हसत हसत सांगितलं. विरामाच्या वाक्यावर दोघांनी नाराजी कळवली, वादाच्या वाक्यावर तिघांनी, त्यातले दोघे एकमेकांच्या उलट बाजूचे.

सोमवारी फोंड्याहून एक फोन. आवाज वयस्कर, अदबीचा.

"लेख आवडला हो. पण २०१३ चा राष्ट्रीय पुरस्कार तुम्ही 'अनुमती'साठी गोखल्यांना दिला, तो त्यांना एकट्याला नव्हता ना? इरफान खानही होता, 'पान सिंग तोमर'साठी."

होता. वय तपासलं, आडनाव तपासलं, जन्मगाव तपासलं, आणि हे वाक्य २०१६ च्या लेखातून जसंच्या तसं उचललं होतं. मंगळवारच्या अंकात दुसऱ्या पानावर, तळाला, चार ओळींचं शुद्धिपत्र गेलं. मॅडमनी त्यातही दिलगिरी घालू दिली नाही.